वर्दी उतरल्यावर

शिक्षक निवृत्त झाला की काही वर्षं लोक त्याला ‘सर’ म्हणतात, मग हळूहळू नुसतं नाव उरतं. बँकेतल्या मॅनेजरांना तर पुढच्या महिन्यात कुणी विचारत नाही. पण सैन्यातून निवृत्त झालेल्या माणसाचा हुद्दा त्याला शेवटपर्यंत सोडत नाही. दारावरच्या पाटीवर ‘कर्नल’, लग्नपत्रिकेवर ‘कर्नल’ आणि गेल्यावर वर्तमानपत्रातल्या चौकटीतही ‘कर्नल’. आमच्या सिकंदराबादेत अशा पाट्या गल्लोगल्ली दिसतात. 1806 साली इथे छावणी वसली आणि तेव्हापासून हे गाव शिपायांच्या पायरवाने जागं होतं. सैनिकपुरी, वायुपुरी ही नुसती वस्त्यांची नावं नाहीत. वर्दी उतरवलेल्या माणसांनी मिळून उभी केलेली ती घरं आहेत.

या पाट्या वाचताना माझ्या मनात दोन प्रश्न येतात. पहिला, ज्याने आयुष्याची उमेदीची वर्षं शस्त्र हातात घेऊन काढली, त्याच्याकडे आपण अहिंसा मानणाऱ्यांनी कसं बघायचं? आणि दुसरा, वर्दी उतरल्यावर त्या माणसाने स्वतःकडे कसं बघायचं? वरवर हे दोन वेगळे प्रश्न वाटतात. मला मात्र ते एकाच धाग्याची दोन टोकं वाटतात.

आमच्या स्वाध्याय मंडळात मागच्या चातुर्मासात हा विषय निघाला होता. एका आजींचा नातू एनडीएच्या परीक्षेला बसतो म्हणत होता. आजी म्हणाल्या, “आपण पाणी गाळून पिणारी माणसं. दिवेलागणीच्या आत जेवून घेणारी. आणि या पोराला बंदूक पाहिजे!” कुणी हसलं, कुणी मान हलवली. एक सून मात्र हळूच म्हणाली, “पण आजी, कुणाच्या तरी पोराने ती घेतलीच आहे ना?” त्यावर कुणी काही बोललं नाही. पोथी पुढे सुरू झाली. पण तो प्रश्न माझ्याबरोबर घरी आला.

आपल्या शास्त्रात याचं उत्तर नाही असं नाही. गृहस्थाच्या हातून होणारी हिंसा चार प्रकारची सांगितली आहे. मारायच्याच इराद्याने केलेली ती संकल्पी. चूल पेटवताना, केर काढताना, दळण-कांडण करताना घडणारी ती आरंभी. शेती, व्यापार, धंदा यांत घडणारी ती उद्योगी. आणि स्वतःचं, आश्रिताचं, देशाचं रक्षण करताना करावी लागणारी ती विरोधी. संकल्पी हिंसा श्रावकाने सोडलीच पाहिजे. बाकी तीन शक्य तितक्या कमी करत जायच्या. इतकंच नव्हे, तर भगवान ऋषभदेवांनी माणसाला जगायला शिकवलं तेव्हा असि, मषी, कृषी, विद्या, वाणिज्य आणि शिल्प ही सहा कर्मं सांगितली. त्यात पहिली आली ती असि, म्हणजे तलवार. आपण वाणिज्य तेवढं नीट लक्षात ठेवलं आणि असि दुसऱ्याच्या हाती सोपवून दिली.

सोपवली म्हणजे सुटलो का? इथेच आपलं शास्त्र आपल्याला पळू देत नाही. कर्म तीन वाटांनी बांधलं जातं: कृत, कारित आणि अनुमोदित. स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवून घेतलेलं आणि दुसऱ्याने केलेलं पाहून मनातून मान डोलावलेलं. हे आपण रोज प्रतिक्रमणात म्हणतो आणि पुढच्या ओळीला जातो. पण जरा थांबून बघा. सीमेवरचा शिपाई गोळी झाडतो ते त्याचं कृत. त्याला पगार देणारे, त्याच्या भरवशावर रात्री दार लावून झोपणारे आपण, ते आपलं कारित. आणि टीव्हीवर युद्धाच्या बातम्या बघत चहा पिता पिता “बरं झालं, चांगली अद्दल घडवली” म्हणतो ते आपलं अनुमोदित. हिशेब लावायचा म्हटलं तर शिपायापेक्षा आपली बाजू फार हलकी ठरेल असं मला वाटत नाही. कदाचित उलटच. तो निदान समोरच्या माणसाचं मरण डोळ्यांनी बघतो आणि त्याचं ओझं घेऊन घरी येतो. आपल्याला त्याचा वासही लागत नाही.

समोरचा माणूस म्हटलं की मला आमच्या हैदराबादचेच एअर चीफ मार्शल इद्रिस हसन लतीफ आठवतात. 9 जून 1923 रोजी त्यांचा जन्म इथे झाला. 1942 साली, वयाची वीस वर्षंही पुरी झालेली नसताना, ते हवाई दलात अधिकारी झाले. दुसऱ्या महायुद्धात बर्माच्या मोहिमेत लढले. 1947 साली फाळणी झाली तेव्हा मुसलमान अधिकाऱ्यांपुढे निवड होती, इकडे राहायचं की तिकडे जायचं. लतीफ इकडे राहिले. गंमत अशी की त्यांचं जन्मगाव तेव्हा भारतात आलेलंही नव्हतं. हैदराबाद संस्थान सामील झालं ते सप्टेंबर 1948 मध्ये. म्हणजे शहराच्या आधी त्याच्या या मुलाने भारत निवडला होता.

त्यांच्याच हवाई दलात काम केलेले असगर खान आणि नूर खान पलीकडे गेले आणि एकामागून एक पाकिस्तानच्या हवाई दलाचे प्रमुख झाले. 1965 चं युद्ध झालं तेव्हा नूर खान तिकडे प्रमुख होते. 1971 च्या युद्धात लतीफ दिल्लीला हवाई दलाच्या मुख्यालयात नियोजनाच्या जबाबदारीवर होते. आपण ‘शत्रू’ हा शब्द किती सहज वापरतो! त्या पिढीच्या अधिकाऱ्यांना मात्र पलीकडचा माणूस नावानिशी माहीत होता. एकेकाळी एकाच मेसमध्ये जेवलेली ही माणसं. विरोधी हिंसेबद्दल आपल्याकडे जी अट घातली आहे, मनात द्वेष नसावा, ती पोथीत वाचायला सोपी आहे. ओळखीच्या माणसाविरुद्ध लढावं लागतं तेव्हा तिचा अर्थ कळत असेल. कर्तव्य पुरतं करायचं आणि मन विटाळू द्यायचं नाही, हे व्रत कुठल्याही उपवासाइतकंच कठीण आहे.

1978 ते 1981 लतीफ हवाई दलाचे प्रमुख होते. जॅग्वार विमानं आली ती त्यांच्याच काळात. निवृत्त झाल्यावर 1982 ते 1985 ते आपल्या महाराष्ट्राचे राज्यपाल झाले, नंतर फ्रान्समध्ये राजदूत. 1988 च्या सुमारास ते हैदराबादला परत आले आणि 30 एप्रिल 2018 रोजी, चौऱ्याण्णव वर्षांचे होऊन, इथेच गेले. त्यांच्या या आयुष्याची बेरीज मी पुन्हा पुन्हा करते. जवळजवळ चाळीस वर्षं वर्दी. सहा-सात वर्षं राजभवन आणि दूतावास. आणि मग तीस वर्षं साधा नागरिक. आपण गौरवाच्या लेखात पहिली दोन आयुष्यं सांगतो आणि तिसरं एका ओळीत उरकतो. पण माणसाची खरी परीक्षा त्या तिसऱ्यात असते. तिथे सलामी नसते, गाडीवर झेंडा नसतो. सकाळ होते आणि कुठेच पोचायचं नसतं.

लतीफांसारख्यांची तिसरी पाळी उतारवयात येते. साध्या जवानाची मात्र ऐन तारुण्यात येते, हे आपल्या लक्षात असत नाही. पंधरा वर्षं सेवा झाली की जवानाला पेन्शन बसते आणि पुष्कळ जण पस्तिशी-चाळिशीतच घरी येतात. मुलं शाळेत, घराचं कर्ज डोक्यावर, आणि हाताला जे काम येतं त्याला बाहेर बाजारात भाव नाही. 2022 पासून अग्निपथ योजना आली. आता भरती चार वर्षांसाठी, आणि त्यातले जास्तीत जास्त चौथा हिस्सा पुढे कायम. म्हणजे बहुतेक मुलं बावीस ते पंचविसाव्या वर्षीच ‘माजी’ होणार. आपल्याकडे त्या वयात मुलाला दुकानाच्या गल्ल्यावर बसवायचं की नाही याचा विचार सुरू असतो.

आमच्या इमारतीच्या फाटकावर रात्रपाळीला एक माजी हवालदार असतात. मूळचे नांदेडकडचे. सतरा वर्षं नोकरी झाली, त्यातली बरीच बर्फात. इमारतीतले सगळे त्यांना ‘वॉचमन’ म्हणून हाक मारतात. एकदा मी विचारलं, “दादा, वाईट नाही वाटत?” ते म्हणाले, “पहारा तिथंही देत होतो ताई, इथंही देतो. फरक एवढाच, तिथं नाव होतं.” मी काय बोलणार? तेव्हापासून मी त्यांना हवालदारसाहेब म्हणते. घरातली मुलंही म्हणू लागली. यात मी फार मोठं काही केलं असं नाही. पण हुद्द्याची पाटी कुणाच्या नावापुढे टिकते आणि कुणाच्या पुसली जाते, हे मात्र त्या दिवशी नीट दिसलं. फ्लॅटच्या दारावरचे कर्नल शेवटपर्यंत कर्नल राहतात. फाटकावरच्या हवालदाराचा हुद्दा पहिल्याच पगाराबरोबर जातो.

त्याला आपण देणं लागतो ते उपकार म्हणून नव्हे. 2015 साली वयस्कर माजी सैनिक दिल्लीला जंतरमंतरवर बसले होते, ते आठवतं ना? मागणी साधी होती. एकाच हुद्द्यावरून, तितक्याच सेवेनंतर निवृत्त झालेल्या दोघांना सारखीच पेन्शन मिळावी. कोण कोणत्या साली निवृत्त झाला यावरून आधीच्याला कमी आणि नंतरच्याला जास्त असं नको. ती योजना पुढे 1 जुलै 2014 पासून लागू धरून मंजूर झाली. मला त्यातल्या आकड्यांपेक्षा ते दृश्य बोलकं वाटतं. ज्यांना आयुष्यभर हुकूम पाळायला शिकवलं, मागायला शिकवलं नाही, ती माणसं छातीवर पदकं लावून रस्त्यावर बसली होती. आपल्या दानधर्मात करुणादान मोठं मानतात. पण करुणा आणि ऋण यांत फरक आहे. करुणेत देणारा वर असतो. ऋण फेडताना तो बरोबरीला येतो. कारितचा हिशेब मानला, तर सैनिकाची पेन्शन हे आपलं ऋण आहे.

आता दुसरा प्रश्न. वर्दी उतरल्यावर त्याने स्वतः काय करावं? इथे मला आपल्याच इतिहासातला एक सेनापती आठवतो. गंग राजांचा मंत्री आणि सेनानी चामुंडराय. अनेक लढाया जिंकलेला, बिरुदांनी मढलेला. इ.स. 981 च्या सुमारास त्याने श्रवणबेळगोळला एका अखंड शिळेतून 57 फुटी बाहुबली उभे केले. त्या मूर्तीच्या पायाशी मराठीतल्या अतिशय जुन्या शिलालेखांत गणला जाणारा एक लेख आहे आणि त्यात चामुंडरायाने हे ‘करवियले’ असं म्हटलं आहे. करवियले, म्हणजे करवून घेतलं. कारित! ज्या माणसाने युद्धं करवली त्यानेच ही मूर्ती करवली. आणि मूर्ती तरी कुणाची? युद्ध जिंकून, जिंकलेलं सगळं थोरल्या भावाला परत देऊन, शस्त्र खाली ठेवून उभा राहिलेल्या योद्ध्याची. सेनापतीला दुसरा कुठलाही विषय सुचला असता. त्याला हाच सुचला.

पण बाहुबलींचीही गोष्ट शस्त्र खाली ठेवून संपत नाही. ते वर्षभर उभे राहिले, अंगावर वेली चढल्या, पायाशी वारुळं झाली, तरी केवलज्ञान होईना. दिगंबर परंपरेत म्हणतात, भरताच्या जमिनीवर आपण उभे आहोत, आपल्यामुळे त्याला दुःख झालं, ही सल मनात राहिली होती. श्वेतांबर परंपरेत सांगतात की आपल्या आधी दीक्षा घेतलेल्या धाकट्या भावांना वंदन कसं करू, हा मान आड येत होता, आणि ब्राह्मी-सुंदरी या बहिणींनी येऊन भावाला हत्तीवरून खाली उतरायला सांगितलं. हत्ती तर केव्हाच सोडला होता. पण मनात तो झुलतच होता.

निवृत्त माणसाचं दुखणं नेमकं हेच. वर्दी खुंटीला लागते, हत्ती मनात राहतो. आणि हे काही फक्त सैन्यातल्यांचं नाही. पण सैन्यातल्यांचा हत्ती मोठा असतो आणि तो त्यांना संस्थेनेच दिलेला असतो. हुकूम देणं हे ज्याचं काम होतं, त्याने भाजीवाल्याच्या रांगेत मुकाट उभं राहायला कुठे शिकायचं? अशा घरातल्या बायकांना विचारा. वीस-पंचवीस वर्षं तिने एकटीने घर चालवलं. मुलांचे ताप, शाळा बदलणं, सासऱ्यांचं आजारपण, गॅसचा नंबर, सगळं. मग एक दिवस साहेब कायमचे घरी येतात आणि तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघराची पाहणी करून सांगतात की डब्यांना लेबलं का नाहीत. यावर आपण हसतो, पण त्या घरात दोन माणसांना एकाच वेळी जागा बदलावी लागते. त्याला मान सोडायचा असतो आणि तिला जिथे ती मालकीण झाली होती तिथे वाटेकरी घ्यायचा असतो. त्याच्या निवृत्तीला समारंभ असतो. तिची तर निवृत्ती कुणी मोजतच नाही.

म्हणून लतीफांच्या गोष्टीत मला बिल्किस लतीफही तितक्याच महत्त्वाच्या वाटतात. अली यावर जंग हे त्यांचे वडील, 1970 च्या दशकात महाराष्ट्राचे राज्यपाल होते. पुढे नवराही त्याच राजभवनात गेला. त्या मात्र तिथून धारावीत गेल्या, तिथल्या लोकांसाठी काम केलं. फ्रेंच आईचं चरित्र लिहिलं, आंध्र-तेलंगणाच्या पाककृतींचं पुस्तक लिहिलं. 2009 साली त्यांना पद्मश्री मिळाली. नवऱ्याच्या हुद्द्याच्या सावलीत राहूनही ज्या बाईला स्वतःचं काम असतं, तिच्या घरात त्याचा हुद्दा गेला तरी पोकळी पडत नाही, असं मला वाटतं. 2017 मध्ये त्या गेल्या आणि पुढच्या वर्षी ते.

आपल्या परंपरेत याहून जुनं उदाहरण आहे, अत्तिमब्बेचं. तिचा नवरा नागदेव कल्याणीच्या चालुक्यांचा सेनानी. तो युद्धात पडला. तिची धाकटी बहीण गुंडमब्बे, तीही त्याचीच पत्नी, सती गेली. अत्तिमब्बे राहिली. मुलाला वाढवलं. पोन्न कवीच्या शांतिपुराणाच्या हजार प्रती लिहवून वाटल्या, रन्न कवीला आश्रय दिला, लक्कुंडीला बसदी बांधली. आपण कुलपाकजीला जातो ते गाव चालुक्यांच्या काळात भरभराटीला होतं. तिथे गेले की मला ती आठवते. शिपायाच्या मागे राहिलेल्या बाईने मरून नव्हे, जगून काय करावं याचं तिने दिलेलं उत्तर हजार वर्षं टिकलं आहे.

आणि चामुंडरायाच्याच गोष्टीत शेवटी एक म्हातारी येते. कथा अशी की पहिल्या अभिषेकाला त्याने दुधाचे घडेच्या घडे ओतले, पण दूध मूर्तीच्या मांड्यांच्या खाली उतरेना. मग एक गरीब आजी फळाच्या छोट्याशा करवंटीत दूध घेऊन आली. लोक हसले. तिने ते वाहिलं आणि दूध पायापर्यंत पोचून डोंगरावरून वाहू लागलं. सेनापतीच्या ‘मी करवलं’ मधला ‘मी’ तिथे गळला. त्याने त्या आजीची मूर्तीही तिथेच बसवली असं सांगतात. ती गुळ्ळकायज्जी आजही बाहुबलींच्या समोरच उभी आहे. मला त्या सेनापतीची सगळ्यात मोठी लढाई हीच वाटते. हरल्याची खूण त्याने आपल्या विजयाच्या समोर कायमची उभी करून ठेवली.

तर मग मान सोडायचा म्हणजे हुद्दा पुसायचा का? मला तसं वाटत नाही. मान त्याने सोडायचा असतो, आपण काढून घ्यायचा नसतो. कर्नलसाहेबांनी घरात आल्यावर हत्तीवरून उतरावं हे त्यांचं व्रत. आणि फाटकावरच्या हवालदाराला कुणी ‘ए वॉचमन’ म्हणून पायउतार करू नये हे आपलं. दशलक्षण पर्वात दुसऱ्या दिवशी आपण उत्तम मार्दवाचा पाठ करतो. मार्दव म्हणजे स्वतःचा ताठा घालवणं, दुसऱ्याची मान खाली घालायला लावणं नव्हे.

त्या आजींच्या नातवाबद्दल मला विचारलं असतं तर मी एवढंच म्हटलं असतं, त्याला अडवू नका. जायचं असेल तर जाऊ दे. मात्र जाताना त्याच्या हाती दोन गोष्टी द्या. समोरच्याला माणूस समजण्याची सवय आणि परत आल्यावर साधं होण्याची तयारी. आणि तो परत येईल तेव्हा त्याने काय पाहिलं ते ऐकून घ्या. पंधरा ऑगस्टला शाल-श्रीफळ देऊन दोन मिनिटं टाळ्या वाजवणं म्हणजे ऐकणं नव्हे. त्याला रात्री झोप लागते का, कुणाचा चेहरा आठवतो का, हे विचारायला धीर लागतो. तो धीर आपण करायला हवा, कारण त्याच्या आठवणींत आपलाही वाटा आहे.

क्षमावाणीच्या दिवशी आपण नातेवाइकांना, शेजाऱ्यांना, व्याह्यांना हात जोडतो. यंदा मी माझ्या यादीत आमचे हवालदारसाहेब लिहिले आहेत. मनाने, वचनाने, कायेने, केलेल्या, करवलेल्या आणि अनुमोदलेल्या हिंसेबद्दल क्षमा मागायची, तर ज्यांच्या हातांनी ती करवली त्यांच्यापासून सुरुवात करणं मला रीतीला धरून वाटतं.